बरोक संगीत ऐकायचं कसं: सुरुवात खालच्या स्वरापासून

बरोक म्हणजे ढोबळमानाने १६०० ते १७५० या दीडशे वर्षांतलं युरोपीय संगीत. सुरुवातीला इटलीतले पहिले ऑपेरा (मोंतेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ १६०७ चा), शेवटी १७५० मध्ये बाखचा मृत्यू आणि मधे कोरेल्ली, पर्सेल, विवाल्डी, हँडल, स्कार्लात्ती. नवीन ऐकणाऱ्याला ही नावं फारशी अडत नाहीत. अडतात ते शब्द: सोनाटा, स्वीट, फ्यूग, रितोर्नेल्लो, रेचितातीवो, कोंटिन्युओ. शब्दकोश उघडून व्याख्या पाठ केल्या तरी कानाला काही कळत नाही, कारण या काळातले शब्द सैल आहेत. एकच शब्द दोन संगीतकार दोन अर्थांनी वापरतात.

म्हणून उलटीकडून जा. प्रत्येक प्रकाराची कानाला ऐकू येणारी एक खूण असते. ती एका रचनेत पक्की करा, मग शब्द आपोआप चिकटतो. या बहुतेक खुणा खालच्या स्वरात, म्हणजे बेसमध्ये दडलेल्या असतात. ख्याल, नाट्यसंगीत किंवा भावगीतावर तयार झालेला कान आधी वरची चाल धरतो. बरोकमध्ये ही सवय थोडी बाजूला ठेवावी लागते.

तयारी मोजकीच आहे. हेडफोन हवेतच. चेलोची सगळ्यात खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास वाजते आणि फोनचा स्पीकर ती जवळजवळ गिळून टाकतो. अर्धं संगीत तिथेच जातं. शफल बंद करा. नोटेशन वाचता येत असेल तर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर या सगळ्या रचनांचे जुने छापील स्कोअर मोफत मिळतात. येत नसेल तरी चालेल. खाली जिथे सरगम दिली आहे तिथे मूळ की (रचनेची पट्टी) कोणतीही असो, तिचा पहिला स्वर सा धरला आहे.

पहिली पायरी: बेस धरा

पाखेलबेलचा ‘कॅनन इन डी’ लावा आणि व्हायोलिनकडे पूर्ण दुर्लक्ष करा. खाली आठ स्वर आहेत: सा, मग मंद्रातले प ध ग म सा म प. सगळे शुद्ध. हे आठ स्वर दोन बारांत (बार म्हणजे मात्रांचा एक ठरावीक गट) संपतात आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू होतात. शेवटपर्यंत हे २८ वेळा होतं, एकही स्वर न बदलता. असा फिरून फिरून येणारा बेस म्हणजे ग्राउंड बेस. पाच मिनिटं फक्त हाच गुणगुणा.

दुसऱ्यांदा ऐकताना वर या. पहिलं व्हायोलिन सुरू झालं की दोन बारांनी दुसरं तीच चाल वाजवू लागतं, आणखी दोन बारांनी तिसरं. कॅनन तो हाच: एकच चाल, ठरावीक अंतराने मागून येणारी. म्हणजे या एका रचनेत दोन प्रकार एकावर एक ठेवलेले आहेत, खाली ग्राउंड आणि वर कॅनन. लग्नसमारंभात वाजणाऱ्या पियानोच्या किंवा गिटारच्या अवतारात वरचा कॅनन बहुतेक वेळा उडवलेला असतो आणि फक्त बेसवरचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) उरतात. शिकण्यासाठी तीन व्हायोलिनचंच ध्वनिमुद्रण निवडा.

आता पर्सेलच्या ‘डायडो अँड इनीअस’ या ऑपेरातला डायडोचा विलाप ऐका. हा ऑपेरा १६८९ च्या सुमाराचा. इथेही ग्राउंड आहे, पण पाच बारांचा आणि उतरता: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प, आणि मग कोमल ग, म, प, सा. सा पासून प पर्यंत एकही अर्धस्वर न सोडता पायरी पायरीने उतरणारी ही ओळ त्या काळात शोकाची ठरलेली खूण होती. ती अकरा वेळा येते. गंमत अशी की गायिकेची ओळ आणि बेसची ओळ एकाच ठिकाणी संपत नाहीत. बेसचं आवर्तन पूर्ण होऊन नवं सुरू होतं तेव्हा ती अजून मधल्या शब्दावर असते. ती थांबते तेव्हा बेस पुढे निघालेला असतो. हे एकदा कानाला कळलं की हा विलाप इतका अस्वस्थ का करतो, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शाकोन आणि पासाकाल्या हे शब्द दिसले की असाच फिरणारा बेस किंवा फिरणारी कॉर्डमालिका शोधायची. दोघांतला फरक त्या काळातल्या संगीतकारांनीही काटेकोर पाळलेला नाही. नव्याने ऐकणाऱ्याने त्यात वेळ घालवू नये.

बेस फिरत नसला तरी तो असतोच, आणि त्याचं नाव बासो कोंटिन्युओ. चेलो किंवा व्हिओला दा गाम्बा बेसची ओळ वाजवते. हार्प्सिकॉर्ड, ऑर्गन किंवा थिऑर्बो नावाचं लांब मानेचं वाद्य तीच ओळ वाजवून वर कॉर्ड भरतं. कॉर्ड लिहून दिलेले नसतात. बेसच्या स्वरापाशी फक्त आकडे असतात आणि वादक ते पाहून जागच्या जागी हात बसवतो. तंबोऱ्याशी याचं नातं जोडू नका. तंबोरा एका जागी स्थिर असतो, कोंटिन्युओ सतत चालतो आणि हार्मनी (कॉर्डचा ओघ) कुठे वळणार ते तोच ठरवतो.

आकडे वाचण्याची रीत अशी. आकडा नेहमी बेसच्या स्वरापासून मोजायचा, तो स्वर एक धरून. काहीच आकडा नसेल तर तिसरा आणि पाचवा स्वर लावायचा: बेस सा असेल तर सा ग प. ६ लिहिलं असेल तर तिसरा आणि सहावा: बेस ग असेल तर ग प सां. ७ असेल तर तिसरा, पाचवा, सातवा: प वर तो प नी रें मं होतो. ४ आणि त्यापुढे ३ असेल तर चौथा स्वर आधी धरून ठेवायचा आणि मग तिसऱ्यावर सोडायचा. प वर याचा अर्थ सां धरून नीवर उतरणं. नुसतं शार्प किंवा फ्लॅटचं चिन्ह असेल तर ते तिसऱ्या स्वराला लागू. सुरुवातीला सगळ्यात जास्त चुका होतात त्या आकडा गाण्याच्या सा पासून मोजल्यामुळे. बेस ग वर असताना सहावा स्वर सा पासून मोजला की सगळंच बिघडतं. दुसरी चूक म्हणजे उजव्या हाताने प्रत्येक स्वरावर भरगच्च कॉर्ड वाजवणं. गायक एकटा असेल तर दोन-तीन स्वर पुरतात.

बेसमधली आणखी एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. खालचा स्वर प वरून सा वर उडी घेऊन थांबला की वाक्य संपलं. याला केडन्स म्हणतात. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत तुकडा कुठे संपला हे या उडीवरूनच ओळखायचं आहे.

दुसरी पायरी: शीर्षक वाचायला शिका

समजा लिहिलं आहे: ‘कॉन्चेर्तो, ई मेजर, ऑपस ८ क्र. १, आरव्ही २६९, अलेग्रो’. ई मेजर ही की: मेजरमध्ये ग शुद्ध, मायनरमध्ये कोमल. ऑपस म्हणजे छापून आलेल्या संचाचा क्रमांक. आरव्ही ही विवाल्डीच्या रचनांची आधुनिक सूची, बाखसाठी बीडब्ल्यूव्ही, हँडलसाठी एचडब्ल्यूव्ही. नावं भाषेनुसार बदलतात, सूचीतला क्रमांक बदलत नाही. म्हणून शोधताना सूचीचं नाव आणि क्रमांक रोमन लिपीत टाका, हमखास नेमकी रचना मिळते. बीडब्ल्यूव्ही क्रमांकावरून काळ मात्र ठरवू नका. ती यादी प्रकारानुसार लावलेली आहे, सालानुसार नाही.

शेवटी असतो तो वेगाचा शब्द. ग्राव्हे आणि अदाजो संथ, लार्गो संथ आणि ऐसपैस, आंदांते चालता, अलेग्रो जलद, प्रेस्तो फार जलद. हे शब्द मेट्रोनोमचे आकडे नाहीत. अलेग्रोत वेगाइतकाच आनंदी भावही येतो.

तिसरी पायरी: नाचांचा संच, म्हणजे स्वीट

इथे जरा रेंगाळा, कारण नाचांची लय ओळखता आली की अर्धं बरोक उलगडतं. बाखचा सोलो चेलोचा पहिला स्वीट घ्या, जी मेजर, बीडब्ल्यूव्ही १००७. एकटं वाद्य, साधारण अठरा मिनिटं. सुरुवातीचा प्रेल्यूड नाच नाही. तो बोटं आणि की दोन्ही सैल करणारा आरंभ आहे. पहिले चार बार खाली तोच एक सा टिकून राहतो आणि वर कॉर्ड बदलतात. असा धरून ठेवलेला खालचा स्वर म्हणजे पेडल पॉइंट.

त्यानंतर क्रमाने नाच येतात. आल्मांद चार मात्रांचा, मध्यम गतीचा, एका छोट्या उचलीने सुरू होणारा. कुरांत तीन मात्रांचा, धावता. तिसरा साराबांद. तो संथ, तीन मात्रांचा आणि वजन दुसऱ्या मात्रेवर टाकणारा. पहिलीवर समेसारखा जोर शोधणारा श्रोता इथे हमखास चुकतो. एकवर हात उचला, दोनवर टाळी द्या, तीन रिकामी सोडा. चार-पाच बारांत बसतं. इतका गंभीर वाटणारा हा प्रकार सोळाव्या शतकात स्पेनमध्ये इतका चावट समजला जाई की १५८३ मध्ये त्यावर बंदी आली होती. बाखपर्यंत येताना तो पार बदलला.

मग मिन्युएटची जोडी. पहिला मेजरमध्ये, दुसरा मायनरमध्ये, आणि दुसरा संपला की पहिला पुन्हा. या पुनरागमनात आतल्या आवृत्त्या गाळण्याची पद्धत आहे, त्यामुळे तो पहिल्यापेक्षा लवकर संपतो. शेवटी जीग: सहा-आठच्या झोकात उसळणारा, मुळात ब्रिटिश बेटांवरचा.

बाखच्या इतर स्वीटमध्ये मिन्युएटच्या जागी बूरे किंवा गाव्होत येतात. त्यांत गोंधळ होतो, पण खूण सोपी आहे. दोन्ही समसंख्य मात्रांचे. बूरे एका मात्रेच्या उचलीने सुरू होतो, गाव्होत अर्ध्या बारापासून. म्हणजे चार मोजत असाल तर बूरे ‘चार’वर उचलतो आणि गाव्होत ‘तीन’वर. चेलोच्या तिसऱ्या आणि चौथ्या स्वीटमध्ये बूरे आहेत, पाचव्या आणि सहाव्यात गाव्होत. लागोपाठ ऐकून ताडून पाहा.

प्रत्येक नाचाचा आराखडा एकच: दोन भाग, दोन्हींची आवृत्ती. पहिल्या स्वीटचा साराबांद सोळा बारांचा आहे, आठ अधिक आठ. पहिला भाग सा वरून निघून प च्या घरात थांबतो, दुसरा तिथून भटकून सा वर परततो. याला बायनरी फॉर्म म्हणतात. स्कार्लात्तीच्या साडेपाचशेहून अधिक कीबोर्ड सोनाटांपैकी बहुतेक याच साच्यातल्या, एकेका मूव्हमेंटच्या (स्वतंत्र भागाच्या) आहेत. ऐकताना पहिला भाग कधी संपला ते कळत नसेल तर आवृत्ती कधी सुरू होते तिकडे लक्ष ठेवा, कारण ओळखीची सुरुवात परत येते. काही वादक दुसऱ्या भागाची आवृत्ती गाळतात, तेव्हा मोजणी चुकली असं समजू नका.

तीन मात्रांच्या नाचात टाळी चुकण्याचं आणखी एक कारण आहे. केडन्सच्या तोंडाशी दोन बारांतल्या सहा मात्रा तीन-तीन न राहता दोन-दोन-दोन अशा पडतात. हे हेमिओला. टाळी तिथे अडखळली म्हणजे तुमचं चुकलं नाही, संगीतकाराला तेच हवं होतं.

ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या स्वीटच्या आरंभी फ्रेंच ओव्हर्चर असतं: आधी लांब-आखूड, लांब-आखूड अशा ठसक्याचा संथ भाग, मग जलद भाग ज्यात वाद्यं एकामागून एक शिरतात. हा साचा लुलीने फ्रान्सच्या दरबारात रूढ केला. कधी कधी अख्ख्या स्वीटलाच ‘ओव्हर्चर’ म्हणतात. बाखचे चार ऑर्केस्ट्रा स्वीट असेच.

चौथी पायरी: थोडे विरुद्ध सगळे

विवाल्डीच्या ‘फोर सीझन्स’मधला ‘स्प्रिंग’ बहुतेकांनी फोनच्या होल्डवर तरी ऐकलेला असतो. तो १७२५ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेल्या ऑपस ८ मधला पहिला कॉन्चेर्तो. पहिली मूव्हमेंट साडेतीन मिनिटांची आहे. कागदावर दोन रकाने करा: ‘सगळे’ आणि ‘एकटा’.

सुरुवातीला सगळे मिळून एक धून वाजवतात. तिचे दोन तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकडा एकदा जोरात, एकदा हळू येतो. जोर असा पायरीने बदलणं, हळूहळू न वाढवणं, हाही त्या काळाचा एक ठसा. ही धून म्हणजे रितोर्नेल्लो, परत परत येणारी. मग एकट्या व्हायोलिनचा भाग, पण इथे ते एकटं नाही. आणखी दोन व्हायोलिन सोबतीला घेऊन ते पक्ष्यांची किलबिल करतं. मग रितोर्नेल्लोचा फक्त दुसरा तुकडा. मग झऱ्याची खळखळ, आणि रितोर्नेल्लो प च्या कीमध्ये. मग गडगडाट आणि विजा. पुन्हा रितोर्नेल्लो, या वेळी ध च्या मायनरमध्ये. पक्षी परततात आणि शेवटी सगळं सा वर येतं.

ध्यानात घ्यायचं ते हे: मधल्या खेपांना रितोर्नेल्लो पूर्ण येत नाही आणि मूळ कीमध्येही येत नाही. धृपदासारखा तो तसाच्या तसा परत येईल अशी वाट पाहिली तर हा साचा निसटतो. तो प्रवासातले टप्पे दाखवतो. एकटा वादक एका कीमधून दुसरीत नेतो, सगळे मिळून ‘इथे पोहोचलो’ म्हणतात.

दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये विवाल्डी बेस पूर्ण काढून घेतो. झोपलेला धनगर म्हणजे एकटं व्हायोलिन, पानांची सळसळ म्हणजे इतर व्हायोलिन, आणि भुंकणारा कुत्रा म्हणजे व्हिओला, तोही मुद्दाम ठसठशीत वाजवायचा. खालचा आधार नसल्यामुळे ती मूव्हमेंट जमिनीपासून सुटलेली वाटते. पहिल्या पायरीवर बेस नीट ऐकला असेल तर त्याचं नसणंही ऐकू येतं.

एका वादकाऐवजी छोटा गट पुढे असला की तो कॉन्चेर्तो ग्रोस्सो. छोट्या गटाला कॉन्चेर्तिनो म्हणतात, बाकीच्यांना रिपिएनो. कोरेल्लीच्या ऑपस ६ मध्ये, जो तो गेल्यावर १७१४ मध्ये प्रसिद्ध झाला, कॉन्चेर्तिनो म्हणजे दोन व्हायोलिन आणि एक चेलो. त्यातला आठवा, ‘क्रिसमस कॉन्चेर्तो’, सुरुवातीला सोपा पडतो. आवाज अचानक सडपातळ झाला की कॉन्चेर्तिनो, भरला की सगळे.

त्या तिघांना बाहेर काढून हार्प्सिकॉर्ड जोडलं की ट्रायो सोनाटा होतो. नावात तीन असले तरी वादक बहुधा चार असतात, कारण तीन म्हणजे तीन ओळी: वरच्या दोन आणि बेस. बेसच्या ओळीवर दोन माणसं. संथ-जलद-संथ-जलद असा क्रम असेल तर तो चर्चसाठीचा सोनाटा, नाच असतील तर घरच्या बैठकीतला. ‘सोनाटा’ शब्दावरून मोझार्ट-बीथोव्हेनच्या काळातला सोनाटा फॉर्म शोधू नका. इथे सोनाटा म्हणजे फक्त वाजवायची रचना, गायची नव्हे.

पाचवी पायरी: फ्यूग

फ्यूगची भीती घातली जाते ती बहुतेक वेळा चुकीच्या उदाहरणामुळे. सुरुवात करा बाखच्या ऑर्गनसाठीच्या जी मायनर फ्यूगने, बीडब्ल्यूव्ही ५७८, जिला ‘लिटल’ म्हणतात. चार मिनिटं, चार आवाज. कारण सरळ आहे: आवाज वरून खाली क्रमाने येतात, त्यामुळे हरवायला जागा नाही.

फ्यूगचा सब्जेक्ट म्हणजे तिची मूळ ओळ. इथे ती सुरू होते सा, प, कोमल ग, रे, सा, ग, रे, सा, नी, रे, प अशी (ग कोमल, नी शुद्ध आणि मंद्र, शेवटचा प मंद्र). आधी संथ पावलं, मग धाव. ही ओळ ऐकण्यापूर्वी चार-पाच वेळा गाऊन तोंडात बसवा. ही एकच गोष्ट टाळल्यामुळे बहुतेकांना फ्यूग कळत नाही.

पहिल्या खेपेला फक्त प्रवेश मोजा. एक, सर्वांत वर. दोन, त्याच्या खाली, पण प पासून सुरू होणारा. याला आन्सर म्हणतात. तीन, आणखी खाली, पुन्हा सा वरून. चार, पायांनी वाजवायच्या पेडलवर, खोल. चौथा आवाज आला की एक्स्पोझिशन संपलं.

दुसऱ्या खेपेला असं बघा: दुसरा आवाज सब्जेक्ट घेतो तेव्हा पहिला काय करतो? तो थांबत नाही. त्याच्याकडे स्वतःची वेगळी ओळ आहे आणि पुढचा आवाज आला की तीच ओळ हातोहात पुढे जाते. ही काउंटरसब्जेक्ट.

तिसऱ्या खेपेला सब्जेक्ट नसलेले भाग पकडा. ते एपिसोड. त्यांत सब्जेक्टचे तुकडे घेऊन की बदलली जाते. पहिल्या एपिसोडनंतर बाख फसवतो: सब्जेक्ट मधल्या आवाजात सुरू होतो आणि अर्ध्यात सगळ्यात वरच्या आवाजाकडे जातो. पुढे तो मेजरमध्ये दोनदा येतो, आधी अल्टोमध्ये (वरून दुसऱ्या आवाजात), मग पेडलवर. मग मायनरमध्ये वर, आणि शेवटचा पेडलवर. अगदी अखेरच्या कॉर्डला कोमल गच्या जागी शुद्ध ग येतो. मायनरची रचना अशी मेजर कॉर्डवर संपवणं म्हणजे पिकार्डी थर्ड.

एक आवाज संपायच्या आतच दुसऱ्याने सब्जेक्ट सुरू करणं म्हणजे स्ट्रेट्टो. त्यासाठी ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’च्या १७२२ च्या पहिल्या भागातली सी मेजर फ्यूग ऐका. ती सत्तावीस बारांची, आणि त्यात सब्जेक्ट चोवीसदा येतो. पण ती दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवा.

सहावी पायरी: गळा

ऑपेरा, ओरातोरिओ आणि कँटाटा यांत आतले तुकडे सारखेच असतात. ऑपेरा रंगमंचावरचा. ओरातोरिओ बहुधा धार्मिक विषयाचा आणि अभिनयाविना. कँटाटा लहान, बाखच्या हातात तो रविवारच्या उपासनेचा भाग. तुकडे मुख्यतः तीन. रेचितातीवोमध्ये बोलल्यासारखं गायन, ताल सैल, आणि सेक्को असेल तर साथीला नुसता कोंटिन्युओ. ओळ संपली की खाली दोन कॉर्डचा टप्पा पडतो. कथा इथे पुढे सरकते. आरियामध्ये ती थांबते आणि एक भाव उलगडतो. कोरसमध्ये समूह.

आरिया बहुधा दा कापो असते: अ, ब, मग पुन्हा अ. हँडलच्या ‘रिनाल्दो’ (लंडन, १७११) मधली ‘लाश्या किओ प्यांगा’ ऐका. तीत दोन गोष्टी एकदम सापडतील. ताल साराबांदचा आहे, तिसऱ्या पायरीवर टाळी दिली तोच. आणि ब भाग मायनर रंगात जाऊन अ परततो तेव्हा गायिका तो जसाच्या तसा गात नाही. हरकती, मुरक्या, लांबवलेले श्वास तिचे स्वतःचे. स्कोअरमध्ये ते नसतात. आपल्या श्रोत्याला हा भाग सर्वांत जवळचा वाटावा. दोन गायिकांची ध्वनिमुद्रणं घेऊन फक्त परतलेला अ ताडून पाहा.

‘हालेलूया’ हँडलच्या ‘मसाया’मधला. मुंबई-गोव्यातल्या चर्चच्या गायनवृंदांनी नाताळात तो घरोघर ओळखीचा केला. तो दुसऱ्या भागाच्या अखेरीस येतो, ओरातोरिओच्या नव्हे. ‘अँड ही शॅल रेन’ या शब्दांपाशी कान द्या: बेस, टेनर, अल्टो, सोप्रानो असे आवाज खालून वर शिरतात. ऑर्गनच्या फ्यूगमध्ये वरून खाली, इथे उलट.

स्वतः वाजवणाऱ्यांसाठी

जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवणारे अनेक गट ए हा स्वर ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झला लावतात, म्हणजे जवळपास अर्ध्या स्वराने खाली. चेलोचा जी मेजर स्वीट पेटीवर पांढरी पाचला जुळवायला गेलात आणि काळी तीनला जुळला, तर पेटी बिघडलेली नाही. कीबोर्ड असेल तर ट्रान्स्पोज उणे एक करा.

ट्रिल (दोन शेजारच्या स्वरांची जलद अदलाबदल) सहसा वरच्या स्वरापासून आणि नेमकी मात्रेवर सुरू करा. मूळ स्वरापासून सुरू करण्याची सवय नंतरच्या काळातली. बाखने १७२० मध्ये थोरल्या मुलाच्या वहीत अलंकारांचा तक्ता लिहून दिला होता, तो पाहण्यासारखा आहे. कीबोर्डवर सस्टेन पेडल बंद ठेवा. हार्प्सिकॉर्डला तो नव्हताच, आणि तो वापरला की आवाज एकमेकांत मिसळून ओळी पुसल्या जातात.

नावांची फसगतही होते. परीक्षांच्या पुस्तकांतला लाडका ‘मिन्युएट इन जी’ आना माग्दालेना बाखच्या वहीतला आहे, पण तो लिहिला क्रिस्टियान पेट्झोल्डने. ‘आल्बिनोनीचा अदाजो’ बरोक नाही. रेमो जाझोत्तोने तो १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. आणि ‘एअर ऑन द जी स्ट्रिंग’ हे बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रा स्वीटमधल्या एअरचं एकोणिसाव्या शतकातलं व्हायोलिन रूपांतर. मूळ ऐकायचं तर बीडब्ल्यूव्ही १०६८ शोधा आणि खालच्या चालत्या बेसवर लक्ष ठेवा.

हे सगळं पचलं की बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’कडे वळा. आरंभीच्या बत्तीस बारांच्या आरियाची वरची चाल पुढे जवळजवळ कुठेच येत नाही. तीसही व्हेरिएशन्स तिच्या बेसवर आणि त्यातून निघणाऱ्या हार्मनीवर उभी आहेत. कागदावर १ ते ३० आकडे लिहा आणि दर तिसऱ्याला खूण करा. ३, ६, ९ असं करत २७ पर्यंत प्रत्येक तिसरं व्हेरिएशन कॅनन आहे, आणि मागून येणारा आवाज दर वेळी एका स्वराने आणखी दूर जातो. तिसाव्यालाही कॅननच येईल अशी अपेक्षा असते. तिथे बाखने त्याच बेसवर लोकगीतांचे तुकडे एकमेकांत गुंफले आहेत.